गॅलरीखालची खुर्ची

छत्तीसगढचे नवे राज्य झाले, तेव्हा मला सेवानिवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. बांधकाम खात्यात मी चौतीस वर्षे काढली. त्यांतली बहुतेक रायपुरातच गेली. त्यामुळे हे शहर राजधानी कसे झाले, ते मी घरच्या ओट्यावरून पाहिले. जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत मंत्रालय बसले. आमच्या बुढापाऱ्याच्या गल्ल्यांत लाल दिव्याच्या गाड्या शिरू लागल्या, आणि वळायला जागा नसल्यामुळे त्या तशाच मागे घ्याव्या लागू लागल्या. त्यानंतर रस्ते रुंद करण्याचे नकाशे निघाले. ते निघणारच होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मराठी लोकांचे सभागृह होते. रेल्वेच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या नोकरीसाठी विदर्भातून जी कुटुंबे इकडे आली, त्यांनी ते माझ्या जन्माआधी बांधले. विटांच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, वर कवेलूचे छप्पर. आत तीन बाजूंना सरईच्या लाकडाची गॅलरी. खाली पुरुषांनी बसावे आणि वरून स्त्रियांनी कीर्तन ऐकावे, यासाठी ती केलेली. पुढे कीर्तने थांबली, तरी गॅलरी स्त्रियांचीच राहिली. माझे लग्न या सभागृहात लागले. त्याविषयी याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

दसऱ्याच्या सुमारास दारावर महापालिकेची नोटीस लागली. इमारत जीर्ण व धोकादायक दिसते. पंधरा दिवसांत अभियंत्याचे प्रमाणपत्र सादर करावे, अन्यथा ती रिकामी करून पाडण्यात येईल. त्याच आठवड्यात शेजारचे जुने घर पाडले गेले. मालकाने ते बिल्डरला स्वखुशीने दिले होते. तिथे दुकानांची चार मजली इमारत होणार होती, आणि आमची जागा मिळाली तर ती अधिक रुंद होणार होती. हे सर्वांना माहीत होते, पण कोणी बोलत नव्हते.

सभागृह चालवणाऱ्या संस्थेचे सचिव माझ्याकडे आले. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, स्वभावाने उतावळे, पण मनाने सरळ.

"काका, कागद तुम्हालेच द्या लागते. दुसरा कोणी इंजिनीयर सही करून नाही राहिला. सगळे म्हणतात, भैया, हमको मत फँसाओ."

"मी आधी पाहीन. मग सांगेन."

"पाहा न. पण पंधराच दिवस आहेत, हं."

मी चार दिवस पाहिले. ओळंबा लावला, भिंती मोजल्या, पाया एका ठिकाणी उघडून पाहिला. भिंती सरळ होत्या. भेगा सात होत्या, सर्व केसाएवढ्या आणि जुन्या. पाचव्या दिवशी मी लिहून दिले, की इमारत सुस्थितीत असून गॅलरीसह वापरास सुरक्षित आहे. खाली सही केली, हुद्दा लिहिला, त्यापुढे कंसात निवृत्त असे लिहिले. सही करताना हात स्थिर होता.

सातही भेगांवर मी काच बसवली. ही आमच्या कामातली जुनी रीत आहे. बोटभर रुंद काचेची पट्टी भेगेवर आडवी धरायची, दोन्ही टोके घट्ट चिकटवायची आणि बाजूला तारीख लिहायची. भिंत हलत असेल, तर काच तडकते. हलत नसेल, तर अखंड राहते. काचेला कोणाची भीड नसते, म्हणून माझा तिच्यावर विश्वास होता. नोकरीत मी अशा कित्येक पट्ट्या लावल्या होत्या आणि तडकलेली काच पाहून दोन शाळा रिकाम्या करवल्या होत्या.

भीती त्यानंतर सुरू झाली. खात्यात असताना सहीच्या मागे खाते उभे असे. वर कार्यकारी अभियंता असे, त्याच्या वर आणखी कोणी. आता त्या सहीच्या मागे मी एकटा होतो. सकाळी चहा झाला, की मी सभागृहात जाई आणि सातही काचा पाही. घरी येई. तासाभराने पुन्हा जावेसे वाटे. आरंभी मी स्वतःला आवरत असे. पुढे आवरणे सोडून दिले. गॅलरीखाली, उत्तरेच्या भिंतीशी एक टेबल आणि एक खुर्ची होती. मी वर्तमानपत्र घेऊन तिथेच बसू लागलो.

माझी पत्नी म्हणाली, "एवढं माझ्या दुखण्यात नाही बसले कधी उशाशी."

ते खरे होते.

शेजारच्या जागेवर यंत्राने पाया खोदायला आरंभ झाला, तेव्हा सभागृहाची जमीन पायाखाली थरथरली. खिडकीची तावदाने वाजली. मी उठून सातही काचा पाहिल्या. एकही तडकली नव्हती. सचिवांना मोठा आनंद झाला. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगत, "पाहा, बाजूला जेसीबी चालून राहिली अन् आपली काचही नाही हलली." लोक माझ्याकडे आदराने पाहू लागले. मला बरे वाटायला हवे होते. काच तडकली असती, तर काय करायचे ते मला ठाऊक होते. ती तडकत नव्हती, आणि मी मात्र रोज थोडा अधिक वेळ तिथे बसू लागलो. कशाची भीती वाटते हे सांगता येत नव्हते. नोकरीत अशा भीतीचा मला परिचय नव्हता.

डिसेंबरात एक दिवस बाहेरच्या पायऱ्यांची डागडुजी करायला आमचा जुना मिस्त्री आला. छत्तीसगढी माणूस, माझ्याच वयाचा. हातातले काम संपवून तो आत आला, माझ्या मागे उभा राहिला आणि मी काच पाहत होतो ते पाहू लागला.

"साहेब, भिथिया ला का देखथव? मियार ला देखव," तो म्हणाला. "ओकर मुड़ी तो भीतरी मा हे."

भिंत काय पाहता, तुळई पाहा; तिचे डोके तर भिंतीच्या आत आहे. असे त्याचे म्हणणे. गॅलरीच्या प्रत्येक तुळईचे एक टोक खांबावर होते आणि दुसरे भिंतीत हातभर शिरलेले होते. ते दिसत नव्हते. त्याने करणीचा दांडा उचलला आणि माझ्या डोक्यावरची तुळई मधोमध ठोकली. टणक आवाज आला. मग तो भिंतीकडे सरकला आणि तिथे ठोकले. आवाज थोडा बसका होता. थोडाच.

"भिंतीत रुतलेलं लाकूड असंच वाजतं," मी म्हणालो.

"हव साहेब," तो म्हणाला आणि घमेले उचलून निघून गेला.

त्याच्या त्या "हव"मध्ये होकार नव्हता, हे मला कळले होते. पण या माणसाला मी पूर्वीही एकदा गप्प केले होते. त्याला वीस-बावीस वर्षे झाली होती. जवळच्या तलावाच्या ओलीने सभागृहाच्या बाहेरच्या भिंतीचा चुना दरवर्षी सुटत असे. मी तेव्हा नोकरीत होतो आणि संस्थेचे बांधकाम माझ्याकडे होते. सगळा चुना खरवडून बाहेरून पक्का सिमेंटचा गिलावा करायचे मी ठरवले. हाच मिस्त्री म्हणाला होता, की चुन्याच्या भिंतीला चुनाच द्यावा. मी म्हणालो होतो, अभियंता मी आहे. गिलावा उत्तम झाला. वीस वर्षांत त्याला साधा तडा गेला नाही, आणि मला त्याचा अभिमान होता.

मिस्त्रीचे बोलणे मी मनातून काढून टाकले. निदान काढून टाकले असे समजलो. तरी त्या दिवसापासून खुर्चीवर बसलो, की नजर काचेकडे न जाता वर जाई.

संक्रांतीनंतर सभागृहात हळदीकुंकू असते. ते गॅलरीतच व्हायचे, हा नियम. त्या वर्षी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. राजधानी झाल्यामुळे बदलून आलेली मराठी कुटुंबेही गावात वाढली होती. दुपारी चारपासून स्त्रिया येऊ लागल्या. लाकडी जिना एकच, अरुंद. मी माझ्या खुर्चीवर होतो. पुरुषांचे तिथे काही काम नसते, पण माझ्या बसण्याची आता कोणी दखल घेत नसे. मी वर जाणाऱ्या मोजत होतो. साठाच्या पुढे गेल्यावर मोजणे थांबवले. वर सतरंज्या, बांगड्या, हसणे. उखाण्यांचा आग्रह चालला होता. कोणी तरी पाय आपटून ताल धरला.

टेबलावर वर्तमानपत्र उघडे होते. त्यावर काही पडले.

रायपुरात टेबलावर धूळ पडणे ही बातमी नव्हे. शहराबाहेर उरला येथे कारखाने आहेत; त्यांची काजळी रोजच पडते. ती काळी असते आणि बोटाला चिकटते. जुन्या इमारतीत चुनाही झडतो. तो पांढरा असतो. ही धूळ तपकिरी होती. तपकिरीसारखीच बारीक आणि कोरडी. मी बोटावर घेतली. ती लाकडाची होती.

मी वर पाहिले. माझ्या डोक्यावरची तुळई जिथे भिंतीत शिरत होती, तिथून धुळीची एक बारीक धार येत होती. वर ताल वाढला, की धार वाढे. ताल थांबला, की ती थांबे. भिंतीवरची काच तिच्यापासून हातभर अंतरावर होती. अखंड.

ओरडावे, हा पहिला विचार आला. तो मी गिळला. मी ओरडलो असतो, तर साठ-सत्तर बायका एकाच वेळी उठून जिन्याकडे धावल्या असत्या, आणि जिना याच तुळईच्या बाजूला होता. सगळा भार धावत तिच्यावरच आला असता. स्वतः वर गेलो असतो, तर मला पाहूनच गोंधळ झाला असता. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहिलो आणि पत्नीला हाक मारली. हळदीकुंकवाची व्यवस्था तिच्याकडे होती.

ती वरच्या पायरीवर आली. हातात कुंकवाची कोयरी. "काय झालं? असे काहून पाहून राहिले?"

"खाली ये."

ती दोन पायऱ्या उतरली. मी हळू आवाजात सांगितले, "सगळ्यांना खाली उतरव. एकदम नाही. पाच-पाच. जिन्याजवळच्या आधी. कोणी पळता कामा नये."

तिने माझ्याकडे पाहिले. बेचाळीस वर्षांत तिने मला असे पाहिले नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावरून कळले. तिने का म्हणून विचारले नाही. मग तिच्या लक्षात आले, की वर कारण द्यावे लागेल.

"वाण खाली देते म्हणून सांगते," ती म्हणाली. "पाच-पाच सवाष्णींना. पण वाणाची टोपली वर आहे."

"ती आधी पाठव."

ती वळली आणि पुन्हा वर गेली. मी तिला वर जाऊ दिले. दुसऱ्या कोणाला पाठवता आले असते का, याचा विचार मी पुढे अनेकदा केला. तेव्हा केला नाही.

टोपली खाली आली. त्यात चहाच्या गाळण्या होत्या. वरून पत्नीचा आवाज आला, ठणठणीत आणि थोडा रागीट, नेहमीसारखा. "ऐका वो सगळ्या! यंदा वाण खाली देऊन राहिलो. जिन्याजवळच्या पाच जणी उठा. पाचच! बाकीच्यांनी बसून राहा, उखाणे चालू द्या."

"काहून वो? वर काय झालं वाण द्याले?"

"आमच्या घरच्यांनी काढला नियम."

हसू उसळले. कोणी तरी म्हणाले, "सरकारी माणूस! वाणालेही लाईन लावली. रेशन की दुकान समझ रखे हैं क्या?"

मी जिन्याच्या तळाशी उभा राहून गाळण्या वाटल्या. माझ्या हातून वाण घेताना बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एका पोरीने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकाजी, हल्दी-कुंकू भी आप ही लगाएँगे क्या?" पाच. दहा. पंधरा. प्रत्येक पाचांनंतर मी टेबलाकडे पाही. वर्तमानपत्रावर आता बोटभर लांबीची रेघ झाली होती. ज्यांना वाण मिळाले, त्या दाराशी घोळका करून उभ्या राहत होत्या, म्हणजे गॅलरीच्याच खाली. त्यांना मी अंगणात जायला सांगितले. आवाज चढला असावा, कारण त्या एकमेकींकडे पाहत निमूट बाहेर गेल्या.

तीस झाल्यावर वर अडले. एक वृद्ध मावशी उठायला तयार नव्हती.

"माझे गुडघे धरले वो. माझं वाण वरच पाठवून दे न."

"मावशी, खाली तिळगूळ आहे. वरचा संपला."

"तिळगुळाचे दात कुठे राहिले मले?"

"मग नातवासाठी घ्या. उठा, मी धरते."

तिला दोघींनी धरून उतरवले. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती दम घ्यायला थांबली. तिच्या मागे कोणी उतरू शकत नव्हते. धूळ पडण्याचा आवाज येत नाही. तरी मला तो ऐकू येत होता, असे वाटते. मावशीने माझ्याकडे पाहून विचारले, "जावईबापू, एवढा घाम काहून आला? थंडी पडून राहिली बाहेर."

"या तुम्ही," मी म्हणालो.

शेवटच्या पाच जणी आल्या. त्यांच्या मागे कोणी नव्हते. मग मला वर पावले ऐकू आली. पत्नी सतरंजीवर सांडलेले हळदीकुंकू टिपत होती आणि समई विझवत होती. मी तिला हाक मारली. माझ्या तोंडून तिचे नाव निघाले. आमच्या पिढीत ते चार लोकांत घेत नाहीत. ती लगेच खाली आली. तिच्या हातात समई होती. मी समई घेतली आणि तिचा दंड धरून तिला अंगणात आणले.

गॅलरी पडली नाही. त्या दिवशी काहीच पडले नाही. बायका गाळण्या घेऊन घरी गेल्या. कित्येक दिवस मोहल्ल्यात माझ्या वाणाच्या रांगेची थट्टा होत राहिली.

घरी आल्यावर पत्नीने विचारले, "पडणार होतं का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, तर कागद कसा दिला?"

मी हातपाय धुवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला बोलावले. बाहेरून, त्या तुळईच्या डोक्याच्या रेषेत, त्याने सिमेंट फोडले. माझा गिलावा घट्ट होता. फोडायला वेळ लागला. आतल्या विटा ओल्या होत्या. जानेवारीत, पाऊस जाऊन तीन महिने झाल्यावर ओल्या. दोन विटा काढल्यावर तुळईचे डोके दिसले. मी त्यावर बोट ठेवले. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेले.

"सिरमिट ह पानी ला निकलन नइ दिस," मिस्त्री म्हणाला.

सिमेंटने पाणी निघू दिले नाही. चुन्याची भिंत पाणी पिते आणि उन्हात सोडून देते. मी तिला बाहेरून बंद केले होते. वीस वर्षे ते पाणी आत राहिले आणि लाकडाची डोकी एकेक करून खात गेले. भिंत मात्र हलली नाही. म्हणून काच तडकली नाही. मी ज्याच्यावर पहारा ठेवला होता, तिथे धोका नव्हता. धोका माझ्या हातच्या उत्तम गिलाव्याच्या मागे होता, आणि ज्याने मला दोनदा सांगितले, तो शेजारी उभा होता. त्याने मला काही ऐकवले नाही. त्याने ऐकवले असते, तर सोपे गेले असते.

मी सभागृहाला कुलूप लावले आणि सचिवांना बोलावले. कागद परत घेणार असल्याचे सांगितले. ते खालीच बसले.

"काका, गिरा तो नहीं न! लाकूड बदलून टाकू, गुपचूप. कोणाले काय समजते?"

"माझी सही तिथे आहे."

"सही परत घेतली, तर आपल्याच हातानं बुलडोझर बोलावला समजा. ते वाटच पाहून राहिले. तुमचं नाव राहील अन् इमारत जाईल."

"नाव राहणार नाही," मी म्हणालो. "ते जाईलच."

त्यांनी कुलपाकडे पाहिले. मग म्हणाले, "लोक मले विचारतील. मी काय सांगू?"

"मी चुकलो, एवढे सांगा."

इमारत जाईल, ही भीती मला होती. ती न लपवता लिहितो. महापालिकेच्या कचेरीच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबलो. पत्र परत खिशात घालून घरी जाणे शक्य होते. दुरुस्ती मिस्त्रीने गुपचूप केलीही असती. पण जिन्यावर थांबलेली ती मावशी डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

तिथला अभियंता तरुण होता. त्याने माझी दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचली.

"अंकल जी, अक्टूबर में आप लिखते हैं सुरक्षित है. जनवरी में लिखते हैं गैलरी ख़तरनाक है. किसको मानूँ?"

"दूसरी को."

"पहली ग़लत थी?"

"ग़लत थी. दीवारें ठीक हैं. बीम के सिरे सड़े हैं. ग़लती मेरी थी, इमारत की नहीं."

त्याने पेन खाली ठेवले. माणूस आपणहून चूक लिहून आणतो, याची त्याला सवय नसावी. पाडण्याचा आदेश काढणे त्याच्या हातात होते, आणि तो काढावा असे सांगणारे लोक त्याच्या दारात रोज येत असणार. तो म्हणाला, की तीन महिने देतो. सभागृह बंद राहील. दुरुस्तीनंतर गॅलरीवर भार ठेवून चाचणी होईल, त्याच्या समक्ष. चाचणी फसली, तर आदेश त्याच दिवशी निघेल.

"मंज़ूर है," मी म्हणालो. खाली उतरल्यावर ध्यानात आले, की मी नमस्कार करायला विसरलो.

तीन महिने मिस्त्रीने सांगावे आणि मी ऐकावे, अशी व्यवस्था झाली. बाहेरचे सगळे सिमेंट फोडले. चुना कुंडात मुरवला, त्यात बेलाचा गर आणि गूळ घातला. तुळयांची कुजलेली डोकी कापून नवी जोडायची होती. तेवढे जुने, मुरलेले सरईचे लाकूड बाजारात नव्हते. ते ब्राह्मणपाऱ्यात मिळाले, एका पाडल्या जात असलेल्या घराच्या ढिगाऱ्यात. ते घर मला माहीत होते. त्याची नक्षीची चौकट रस्त्यावर आडवी पडली होती आणि स्कूटर तिला वळसा घालून जात होत्या. आम्ही तुळया उचलल्या आणि निघालो. आमच्या इमारतीची डोकी त्या घराची आहेत. भिंतीत शिरणाऱ्या प्रत्येक टोकाभोवती मिस्त्रीने हवेसाठी बोटभर जागा सोडली. माझ्या नकाशात ती नव्हती.

एप्रिलच्या अखेरीस चाचणी झाली. गॅलरीत रेतीची पोती चढवायची, चोवीस तास ठेवायची आणि तुळई किती वाकते ते खालून मोजायचे. खाली पट्टी लावली होती. ती वाचायला कोणी तरी गॅलरीखाली बसणे भाग होते. तरुण अभियंता म्हणाला, की मजूर बसवा, वाचून सांगेल. मी माझी खुर्ची ओढली आणि बसलो.

पोती चढू लागली. हमाल ती टाकत, तेव्हा लाकूड करकरे. प्रत्येक करकर माझ्या मणक्यातून जाई. अर्धा भार झाला. एक मिलिमीटर. मी आकडा मोठ्याने सांगितला. आवाज नीट निघाला.

पत्नी चहा घेऊन आली. मी तिला दारातच थांबायला सांगितले. ती आत आली, टेबलावर पेला ठेवला आणि भिंतीशी असलेली दुसरी खुर्ची ओढू लागली.

"तू घरी जा."

"मी वर होते, तेव्हा तुम्ही कुठे होते?"

"खाली."

"इथेच न?"

ती बसली. वर आणखी पोती पडली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू त्याने काही अडणार होते. तरुण अभियंता दाराबाहेरून पाहत होता. काही वेळाने तो आत आला आणि उभ्यानेच पट्टी वाचून गेला. पूर्ण भाराला अडीच मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी पोती उतरवली, तेव्हा तुळई जवळजवळ पूर्ण परत वर आली. नियमात बसेल इतकी. त्याने सही केली. त्या सहीखाली मला माझी करायची होती. या वेळी हात कापला. मी तो कापू दिला.

रुंदीकरणाची रेघ नकाशावर अजून आहे. आमच्या दर्शनी पायऱ्यांवरून ती जाते. ती केव्हा जमिनीवर उतरेल, ते मला माहीत नाही.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू पुन्हा गॅलरीत झाले. वाण वरच दिले गेले. वर मावशीचा आवाज सर्वांत मोठा होता. मी खाली बसलो होतो. टेबलावर एक कोरा कागद पसरला होता, आणि वर पाय आपटले, की माझे डोळे त्याच्याकडे जात. सहा वाजता बायका एकदमच उतरल्या, हसत, धक्के देत. मी खुर्चीच्या हाताला धरून राहिलो.

सगळ्या गेल्यावर पत्नी जिना उतरून आली. मी कागद खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला. थोडी काजळी होती. काळी, उरल्याची. मी ती फुंकली आणि कागदाची घडी घातली.